फर्मान सम्राटाचं, हमी कुणाची?

पेठांमधल्या अभ्यासिकांत फिरणाऱ्या नोट्समध्ये उत्तरकालीन रोम साधारण पाच ओळींत संपतो. डायोक्लेशियनने राज्य चौघांत वाटलं आणि प्रांत वाढवले. कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. नायसियाची परिषद झाली. ज्युलियनने चाक उलटं, जुन्या देवांकडे, फिरवून पाहिलं. थिओडोसियसने जुनी पूजाअर्चा बंद केली. पाचही ओळी बरोबर आहेत. पण हुकूम राजधानीतून सुटल्यावर आफ्रिकेतल्या किंवा सीरियातल्या एखाद्या शहरात तो बजावला कुणी, त्याचा खर्च उचलला कुणी आणि वसुलीत तूट आली तर जप्ती कुणाच्या घरावर आली, हे त्या नोट्समध्ये कुठेच येत नाही.

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: क्युरियालिस, म्हणजे शहराच्या सभेचा सभासद. राज्यकारभाराच्या सुधारणा आणि धर्माच्या सुधारणा आपण दोन वेगळ्या प्रकरणांत वाचतो, पण दोन्हींचं ओझं याच माणसाच्या खांद्यावर होतं. तो दिसला नाही तर चौथं शतक नुसती सम्राटांची वंशावळ होऊन बसतं.

त्याला नगरसेवक म्हणायचा मोह होतो, तो टाळावा. आपल्याकडे नगरसेवक व्हायला तिकिटासाठी रांग लागते. तिकडे ठराविक मालमत्ता असलेल्या घरात जन्म झाला की सभासदत्व अंगावर येऊन पडायचं. कर गोळा करायचा, धान्य सरकारी कोठारात पोचवायचं, टपालाच्या घोड्यांची सोय ठेवायची, स्नानगृहं तापवायची, रस्ते दुरुस्त करायचे. वसुलीसाठी सभेने ज्याला नेमलं त्याच्याकडून तूट आली, तर नेमणाऱ्यांनीही ती भरायची. जवळचं उदाहरण हवं असेल तर आपला पाटील घ्या. गावच्या साऱ्याची जबाबदारी त्याच्यावर असे. पण त्याच्याकडे वतन होतं, इनाम जमीन होती, मानपान होता. वतनासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाऊबंदकी चालली. रोमन सभासदत्वातून मात्र लोक पळायला बघत. थिओडोसियन कायदेसंग्रहात बाराव्या भागाचं पहिलं प्रकरण या सभासदांवर आहे आणि त्यात एकूण १९२ कायदे आहेत. एकच गोष्ट इतक्या वेळा बजावावी लागली, म्हणजे ती पाळली जात नव्हती.

आता डायोक्लेशियन. तो २० नोव्हेंबर २८४ रोजी सत्तेवर आला. चार राज्यकर्त्यांची घडी १ मार्च २९३ रोजी बसली आणि १ मे ३०५ रोजी त्याने आपणहून सत्ता सोडली. प्रांत सुमारे पन्नास होते, ते शंभराच्या घरात गेले. त्यांचे बारा मोठे विभाग पडले आणि प्रत्येकावर विकारियस नावाचा अधिकारी बसला. प्रांताधिकाऱ्याकडून फौज काढून वेगळ्या सेनाधिकाऱ्याकडे गेली, त्यामुळे एकाच माणसाच्या हातात पैसा आणि सैन्य राहून बंड होण्याची शक्यता कमी झाली. लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाची तक्रार अशी की देणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त झाले. तो डायोक्लेशियनचा शत्रू होता, तेव्हा त्याचं बोलणं जरा चाळून घ्यावं लागतं. तरी अधिकारी वाढले हे खरंच.

माझ्या मते डायोक्लेशियनचं खरं काम करपद्धतीत आहे. आधीच्या पन्नास वर्षांत नाण्यांतली चांदी जवळजवळ संपली होती आणि फौजेचं पोट जागच्या जागी जप्त केलेल्या धान्यावर भरत होतं. ज्याच्या गावावरून पलटण गेली तो बुडाला, शेजारचा वाचला. डायोक्लेशियनने हे मोजमापावर आणलं. जमिनीचं एकक इयुगम, माणसाचं एकक कापुट. सीरियातली मापं पाचव्या शतकातल्या एका कायदेसंग्रहात टिकून आहेत: द्राक्षमळा असेल तर ५ इयुगेरा म्हणजे एक इयुगम, पहिल्या प्रतीची पेरणीची जमीन २० इयुगेरा, दुसऱ्या प्रतीची ४०, तिसऱ्या प्रतीची ६०. एक इयुगेरम म्हणजे आपले जवळजवळ २५ गुंठे. तेव्हा सव्वातीन एकरांच्या आत बसणारा द्राक्षमळा, साडेबारा एकर चांगली काळी जमीन आणि साडेसदतीस एकर माळरान, तिघांवर कराचा बोजा सारखा. ज्यांनी शिवकाळातली पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस बिघा आणि १२० बिघ्यांची चावर वाचली आहे, त्यांना हा विचार लगेच उमजेल. नुसतं क्षेत्र मोजून भागत नाही, प्रत लावावी लागते.

मग दरवर्षी फौजेला आणि दरबाराला किती गहू, किती कापड, किती घोडे लागतील याचा अंदाज काढायचा, त्याला एकूण एककांनी भागायचं आणि १ सप्टेंबरला सुरू होणाऱ्या करवर्षाआधी दर जाहीर करायचा. याला इंडिक्शन म्हणत. राज्याने वर्षाच्या गरजेचा आगाऊ अंदाज बांधून त्यावरून कर ठरवण्याची ही पद्धत त्या काळासाठी फार मोठी झेप होती.

इजिप्तचा प्रांतप्रमुख अरिस्टियस ऑप्टाटस याने १६ मार्च २९७ रोजी काढलेला जाहीरनामा पपायरसवर मिळाला आहे. कुणाला हलका आणि कुणाला भारी कर लागतो ही वाईट रीत सम्राटांना मोडायची आहे, असं तो सांगतो. पुढे म्हणतो की जमिनीच्या प्रतीनुसार प्रत्येक अरुरामागे (अरुरा हे इजिप्तचं जमिनीचं माप) किती आणि शेतकऱ्याच्या प्रत्येक डोक्यामागे किती, कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत, हे सोबतच्या तक्त्यात दिलं आहे. त्याच्या प्रती गावोगाव पाठवायची जबाबदारी प्रत्येक शहराच्या अधिकाऱ्यांवर आणि सभेच्या प्रमुखांवर. भिंतीवर लावलेला तो तक्ता म्हणजे त्या शेतकऱ्याच्या हातात आलेलं पहिलं शस्त्र होतं. आपल्याकडून किती घ्यायचं ठरलंय, हे त्याला आता वाचून घेता येत होतं.

यात बिघाड कुठे झाला? एक तर एकक सगळीकडे सारखं नव्हतं. आफ्रिकेत २०० इयुगेरांची सेंच्युरिया चालायची, इजिप्तमध्ये अरुरा. दुसरं म्हणजे त्यात आणेवारी नव्हती. पीक आठ आणे आलं की दोन आणे, मागणी तीच. माणसं मेली, जमीन पडीक पडली, तरी नवी पाहणी होईपर्यंत वहीतलं एकक जिवंत राहायचं आणि त्याचा भरणा सभेच्या बोकांडी बसायचा. मग सभा तो शेजारच्या जमिनींवर वाटायची, म्हणजे शेवटी ज्याला ओरडता येत नाही त्याच्यावर. यातूनच शेतमजुराला जमिनीला बांधून ठेवायची गरज उभी राहिली. ३३२ सालचा कॉन्स्टंटाइनचा कायदा सांगतो की पळालेला कुळवाडी ज्याच्याकडे सापडेल त्याने तो मूळ जागी परत करावा आणि मधल्या काळाचा करही भरावा. हा कायदा क्रूर आहे, आणि तो निघाला वहीतलं एकक रिकामं पडू नये या हिशेबी काळजीतून.

किंमतींचं फर्मान ३०१ च्या अखेरीस निघालं. बाराशेहून अधिक वस्तू आणि कामं, प्रत्येकाची कमाल किंमत आणि मोडल्यास मृत्युदंड. माल दडवून ठेवणाऱ्यालाही तीच शिक्षा. गहू लष्करी मोदियस या मापाला १०० डिनारियस, सातू ६०. डुकराचं मांस रोमन पौंडाला, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमला १२, गोमांस ८. शेतमजूर जेवणासह रोज २५, सुतार ५०, भिंती रंगवणारा ७५, चित्रं काढणारा १५०. न्हाव्याला माणशी २. अक्षरं शिकवणाऱ्या मास्तरला दर मुलामागे महिना ५०, वक्तृत्व शिकवणाऱ्याला २५०. सोन्याचा पौंड ७२,०००. शेतमजुराने चार दिवस राबावं तेव्हा एक माप गहू यावा, हा हिशेब लक्षात ठेवला तर सगळा तक्ता बोलू लागतो.

पण ज्याने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे भाव फुटताना पाहिलेत, त्याला यातली चूक चटकन दिसेल. आवक किती, माल कुठून आला, हमाली-तोलाई काय, यावर तिथे भाव हलतो. या फर्मानात भाव साऱ्या साम्राज्याला एकच. गंमत म्हणजे, वाहतुकीचे दरही त्याच फर्मानात दिले आहेत: बाराशे पौंडांच्या गाडीला मैलामागे २० डिनारियस, सहाशे पौंडांच्या उंटाला ८. शंभर रोमन मैल म्हणजे साधारण पुणे-मुंबई. तेवढ्या अंतराला एका गाडीचं भाडं २,००० डिनारियस, म्हणजे वीस मापं गव्हाची किंमत किंवा शेतमजुराची ऐंशी दिवसांची मजुरी. विकायचा भाव दोन्ही टोकांना तोच असेल तर व्यापाऱ्याने गाडी जुंपायची कशाला? माल जिथे पिकला तिथेच थांबला आणि जिथे हवा होता तिथून गायब झाला. बाजारात वस्तू दिसेनाशा झाल्या, क्षुल्लक गोष्टींवरून रक्त सांडलं, शेवटी कायदा आपोआप सुटला, असं लॅक्टँशियस सांगतो. इथे मात्र त्याचं म्हणणं पटतं. त्यातच त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून सरकारने नाण्यांची दर्शनी किंमत दुप्पट केली होती. आफ्रोडिसियासला सापडलेल्या शिलालेखावरून हे कळतं. धातू तोच, आकडा दुप्पट. त्यावर भाव चढणार नाहीत तर काय! फर्मानाची प्रस्तावना व्यापाऱ्यांच्या हावरेपणावर आगपाखड करते आणि एका खरेदीत सैनिकाचा पगार व बक्षिसी दोन्ही संपतात असं सांगते. नाण्याबद्दल तिथे चकार शब्द नाही.

धर्माकडे वळताना आफ्रिकेतल्या सिर्टा शहराचं दप्तर उघडून ठेवावं. २४ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमीडियात ख्रिस्ती लोकांविरुद्धचं पहिलं फर्मान लागलं: प्रार्थनागृहं पाडा, धर्मग्रंथ जाळा, मोठ्या पदांवरच्यांची पदं काढा. सिर्टात ते बजावलं १९ मे रोजी, आणि बजावणारा होता मुनाटियस फेलिक्स, शहराचा कारभारी आणि सम्राटपूजेचा पुरोहित. सोबत सरकारी लेखनिक. त्यांनी केलेला पंचनामा जवळजवळ शब्दशः टिकला आहे. सोन्याचे पेले २, रुप्याचे पेले ६, बायकांचे झगे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे झगे १६, पुरुषांचे जोडे १३, बायकांचे जोडे ४७. गोरगरिबांना वाटायला ठेवलेलं कपडेपायताण आहे हे. मग कपाटं उघडली तर रिकामी. सिल्वानस नावाच्या चर्चमधल्या उपसेवकाने एका माठामागून चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा काढून दिला. तेव्हा कारभाऱ्याच्या माणसांपैकी एकाने त्याला ऐकवलं, हे सापडलं नसतं तर तू मेलाच होतास.

ग्रंथांचं विचारलं तर बिशप पॉलस म्हणाला, ते वाचकांकडे, म्हणजे चर्चमध्ये ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांकडे आहेत. वाचक कोण, कारभाऱ्याने विचारलं. तुम्हाला माहीत आहेत, असं उत्तर आलं. आम्हाला नाहीत. तुमच्या कचेरीतल्या कारकुनांना माहीत आहेत. दोन उपसेवकांना नावं विचारली, ते म्हणाले, आम्ही फितूर नाही, हवं तर मारा. त्यांना अटक झाली. मग घरोघर फिरून एका शिंप्याकडून, एका व्याकरणाच्या शिक्षकाकडून, कुणाच्या बायकोकडून मिळून तीसहून जास्त पोथ्या गोळा झाल्या. त्या संवादात सगळे एकमेकांना ओळखतात हे ओळीओळीतून जाणवतं. हुकूम दूरच्या राजधानीचा, झडती शेजाऱ्याची. कारभारी यादी पुरी करतो, आवाज फारसा चढवत नाही, कागद मात्र चोख ठेवतो.

तो कागदच पुढे महत्त्वाचा ठरला. सतरा वर्षांनी, ३२० मध्ये, झेनोफिलस या प्रांताधिकाऱ्यापुढे तोच पंचनामा वाचला गेला, कारण माठामागून दिवा काढणारा सिल्वानस आता डोनाटिस्ट गटाचा बिशप झाला होता. छळाच्या वेळी धर्मवस्तू सरकारला देणारे भ्रष्ट, अशा पाद्र्यांचे संस्कार बाद, ही त्या गटाची मुख्य भूमिका. आणि त्यांच्याच बिशपच्या हातून काय काय दिलं गेलं, ते छळ करणाऱ्यांच्याच दप्तरात नोंदलेलं.

डायोक्लेशियननंतरच्या सम्राटांपैकी गॅलेरियसने ३० एप्रिल ३११ रोजी छळ थांबवला. 'मिलानचं फर्मान' म्हणून जे शिकवलं जातं ते ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि सहसम्राट लिसिनियस यांच्यात मिलानला ठरलेलं धोरण आहे. आपल्याकडचा मजकूर लिसिनियसने निकोमीडियात १३ जून ३१३ रोजी लावलेल्या पत्राचा. त्यात ख्रिस्ती लोकांसकट सर्वांना आपापला धर्म पाळायची मुभा आहे, हे सगळे सांगतात. जप्त जागांचं कलम कुणी सांगत नाही, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. जागा विनामोबदला, विनाविलंब परत करायच्या. ज्यांनी त्या सरकारकडून विकत घेतल्या किंवा बक्षीस मिळवल्या, त्यांनी भरपाईसाठी विकारियसकडे अर्ज करायचा. दहा वर्षांत हात बदललेली मालमत्ता परत फिरवायची आणि सध्याच्या धारकालाही वाऱ्यावर सोडायचं नाही. ज्यांनी सातबाऱ्यावरचे फेरफार निस्तरले आहेत त्यांना ही तरतूद किती विचाराने केली आहे ते कळेल.

त्याच ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने आफ्रिकेचा प्रांताधिकारी अनुलिनस याला लिहिलं की ख्रिस्ती धर्मसेवकांना सार्वजनिक कामांच्या सक्तीतून मोकळं करावं, म्हणजे त्यांचं लक्ष उपासनेवरून ढळणार नाही. हेतू चांगला, पण ही सवलत नगरसभेच्या मुळावर आली. वर्षानुवर्षं तूट भरून कंटाळलेल्या घरांना एक दार दिसलं: मुलाला चर्चमध्ये घाला, कर्जातून सुटा. सात वर्षांच्या आत सरकार जागं झालं. ३२० च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांत आलं की धर्मसेवक मेला तरच त्याच्या जागी दुसरा घ्यावा, तो गरीब असावा, सभासदाच्या घरचा नसावा. श्रीमंतांनी जगाची ओझी वाहावीत आणि गरिबांना चर्चच्या धनाने पोसावं, असं एक कायदा सरळ म्हणतो. ज्युलियनने ३६२ मध्ये अशा सर्वांना सभेत परत बोलावलं. वॅलेंटिनियनच्या काळात, ३६४ मध्ये, वेगळा तोडगा निघाला: धर्मसेवक व्हायचं असेल तर जागेवर नातेवाईक द्या किंवा मालमत्ता सभेला सोडा. पन्नास वर्षांत चार वेगवेगळी उत्तरं, कारण प्रश्न श्रद्धेचा नव्हता, हमीदाराचा होता.

डोनाटिस्ट वादालाही ही पैशाची बाजू होती. अनुलिनसला गेलेल्या पत्रातली सवलत फक्त डोनाटिस्टांचा विरोधक, कार्थेजचा बिशप केसिलियन याच्या गटाला होती. त्यालाच ३,००० फॉलिस, म्हणजे नाण्यांच्या थैल्या, देण्याचे आदेशही निघाले. खरा बिशप कोण यावर कर, सवलत आणि अनुदान तिन्ही अवलंबून, मग वाद मिटणार कसा? रोमला सुनावणी झाली, ३१४ मध्ये आर्लला परिषद झाली, पुढे बळ वापरून पाहिलं आणि ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने हात टेकले. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून जास्त बिशप समोरासमोर बसले, तेव्हाही तोच वाद चालू होता. नायसियाबद्दल (३२५) इतकं पुरे की बिशपांना तिथे यायला सरकारी टपालाच्या गाड्या दिल्या गेल्या. त्या गाड्यांच्या जनावरांचा खर्च वाटेवरच्या शहरांवर पडायचा, हे सांगायला नकोच.

कॉन्स्टंटाइनचं नाणं मात्र टिकलं. एका रोमन पौंडात ७२ सॉलिडस, प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम, आणि ते वजन पुढे सुमारे सातशे वर्षं सांभाळलं गेलं. कारण साधं होतं: सरकारने त्यात खोट घातली नाही आणि कर त्याच सोन्यात मागितला. सोनं आलं कुठून? बरंचसं देवळांतून. मूर्तींवरचे पत्रे, दारांवरचा मुलामा, खजिने काढले गेले. उरलेलं व्यापाऱ्यांकडून. दर काही वर्षांनी येणारा क्रिसार्गिरॉन हा कर दुकानदार, कारागीर, रस्त्यावरची वेश्या, सगळ्यांवर होता. तो सोन्याचांदीत द्यायचा आणि एकदम द्यायचा. चांभाराच्या हातात रोज तांब्याचं नाणं येतं. ते साठवून सोनं विकत घ्यायला गेला की त्याच वर्षी गावातले सगळे सोनं शोधत असतात. कराचं वर्ष जवळ आलं की आईबाप मुलं विकत, असं त्या काळचे लेखक लिहितात. सोन्याच्या नाण्याने अधिकारी आणि फौज सावरली, पण तांब्यावर जगणाऱ्याची दैना झाली.

ज्युलियनला 'धर्मभ्रष्ट' म्हणून बाजूला काढतात, पण हिशेब समजणारा असा सम्राट त्या शतकात दुसरा नाही. गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) असताना प्रीफेक्ट, म्हणजे तिथला सर्वोच्च मुलकी अधिकारी, फ्लोरेंटियस याने जादा कराचा कागद सहीला पाठवला. नेहमीच्या वसुलीतच गरज भागते हे ज्युलियनने आकडे मांडून दाखवलं आणि सही नाकारली. दुसऱ्या बेल्जिका प्रांताची वसुली त्याने स्वतःकडे मागून घेतली, एका अटीवर: प्रीफेक्टचा किंवा प्रांताधिकाऱ्याचा एकही शिपाई कुणाच्या दारात जाणार नाही. लोकांनी मुदतीआधी कर भरला. तो आला तेव्हा गॉलमध्ये एककामागे २५ सॉलिडस घेत, गेला तेव्हा ७. आणि थकबाकी माफ करायला मात्र त्याने नकार दिला. कारण त्या काळचा इतिहासकार अम्मियानस याने नोंदवलंय: गरिबाकडून वर्षाच्या सुरुवातीलाच पिळून घेतात, थकवतो तो श्रीमंत, म्हणून माफीचा फायदाही त्यालाच. मिळकतकराची अभय योजना जाहीर झाली की वेळेवर भरणाऱ्यांच्या मनात जे येतं, ते त्याने सोळाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

नोव्हेंबर ३६१ मध्ये तो एकटा सम्राट झाला. केस कापायला न्हावी बोलावला तर भरजरी पोशाखात माणूस आला. ज्युलियन म्हणाला, मी न्हावी बोलावला होता, खजिनदार नाही. चौकशी केली तर त्याला रोज वीस माणसांचा शिधा, तितक्याच जनावरांची वैरण आणि वर वार्षिक पगार. त्याने राजवाड्यातला असा सगळा लवाजमा काढून टाकला.

धर्मात त्याने चर्चची रचनाच उचलली. गॅलेशियाच्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात आकडे आहेत: वर्षाला ३०,००० मोदियस गहू, म्हणजे दोनशे टनांच्या आसपास, आणि ६०,००० सेक्स्टारियस (सुमारे अर्ध्या लिटरचं माप) मद्य. पाचवा हिस्सा पुरोहितांची सेवा करणाऱ्या गरिबांना, बाकी वाटसरू आणि भिकाऱ्यांना. शहरोशहरी धर्मशाळा काढा. ख्रिस्ती लोक आपले गरीब पोसतातच, वर आमचेही पोसतात, ही त्याची बोच. १७ जून ३६२ च्या कायद्याने शिक्षक नेमायला नगरसभेची मान्यता सक्तीची केली, आणि पाठोपाठच्या पत्राने ख्रिस्ती शिक्षकांना होमर शिकवायला बंदी. मान्यता द्यायला पुन्हा तीच सभा.

ती सभा त्याला आडवी आली अँटिऑकमध्ये. ३६२ च्या उन्हाळ्यात तो तिथे पोचला तेव्हा दुष्काळ होता आणि पर्शियाच्या मोहिमेसाठी फौज गोळा झालेली. त्याने धान्याचा भाव बांधला, चाल्किस आणि हिएरापोलिसकडून ४,००,००० मापं आणवली, नंतर स्वतःच्या वाट्याचं इजिप्तचं धान्यही ओतलं. जितक्या पैशात आधी दहा मापं येत तितक्यात पंधरा. डायोक्लेशियनपेक्षा हे शहाणपणाचं, कारण त्याने हुकमासोबत मालही आणला. तरी फसलं. भाव फक्त शहरात बांधलेला होता, खेड्यात मोकळा. लोकांनी स्वस्त धान्य उचलून बाहेर चढ्या भावाने विकलं. आणि भाव पाळला जातो की नाही हे बघायचं ज्या सभासदांनी, कोठारं त्यांचीच. २६ जून ३६३ रोजी तो रणात पडला. पुरोहितांच्या रचनेला हातीपायी उभं राहायला वेळच मिळाला नाही.

३८२ मध्ये पश्चिमेचा सम्राट ग्रेशियन याने रोमच्या जुन्या पुरोहितवर्गाची सरकारी नेमणूक बंद केली. पेशवाईतली श्रावणातली दक्षिणा कंपनी सरकारने कशी आखडत नेऊन शिक्षणाकडे आणि ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवली, हे आठवलं तर पैसा थांबल्याने परंपरेचं काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

थिओडोसियसचा ८ नोव्हेंबर ३९२ चा कायदा मात्र थेट घरात शिरतो. बळी तर बंदच, पण घरच्या देवापुढे दिवा लावणं, धूप घालणं, हार वाहणंही गुन्हा. ज्या घरात किंवा जमिनीत धूप जळल्याचं सिद्ध होईल ती जागा खजिन्यात जमा. दुसऱ्याच्या जागेत केलं तर २५ पौंड सोनं दंड. आपल्या देवघरातली संध्याकाळची दिवाबत्ती डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा कायदा कुठवर पोचायला बघत होता ते समजेल. अंमलबजावणी कुणी करायची, हेही त्यात लिहिलंय: प्रांताधिकारी, शहररक्षक आणि शहरोशहरीचे सभासद. ज्यांच्या स्वतःच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तो दिवा लागत होता, त्यांनीच शेजाऱ्याचा दिवा कळवायचा. सिर्टाचा कारभारी मुनाटियस फेलिक्स याच वर्गातला. फरक इतकाच की आता झडती उलट्या बाजूने.

४९८ मध्ये सम्राट अनास्तासियसने क्रिसार्गिरॉन रद्द केला आणि त्याचे कागद जाळले. एडेसा शहर या करापोटी दर चार वर्षांनी १४० पौंड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलो सोनं भरत होतं. बातमी आली तेव्हा लहानथोर पांढरे कपडे घालून, मेणबत्त्या आणि धुपाटणी घेऊन, स्तोत्रं म्हणत बाहेर पडले. आठवडाभर उत्सव झाला. शंभर वर्षांपूर्वी ज्या धुपाने घर जप्त होत होतं, तोच धूप आता चर्चच्या मिरवणुकीत जळत होता.

याच अनास्तासियसच्या काळात, मॅरिनस या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने, शहरांची वसुली सभांकडून काढून विंडेक्स नावाच्या मक्तेदारांकडे गेली. जो जास्त बोली लावेल त्याला शहर. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने गेल्या तेव्हा पुणे प्रांतातल्या रयतेने जे सोसलं, त्याच जातीची ही व्यवस्था. मक्तेदाराला एका वर्षाच्या रकमेशी मतलब, गाव पुढच्या वर्षी उभं राहतं की नाही याच्याशी नाही. सभासद जुलमी असला तरी त्याला त्याच गावात राहायचं असे. शहरांचं वैभव यानंतर ओसरलं, असं इतिहासकार इव्हाग्रियसने लिहून ठेवलंय; त्याआधी प्रतिष्ठित घरांची नावं शहराच्या यादीत असत. ज्युलियनच्या काळातली अशी एक यादी आफ्रिकेतल्या टिमगाडला दगडावर कोरलेली मिळाली आहे. ५३६ मध्ये जस्टिनियनने एका फर्मानात साम्राज्यातल्या नगरसभांची मोजदाद मांडली: काही सभांत माणसं थोडी उरलीत, पैसा कुठल्याच सभेत नाही. म्हणून त्याने हुकूम काढला की सभासदाने आपल्या मालमत्तेचे बारापैकी नऊ हिस्से सभेसाठी ठेवावेत.